मध्यम घनतेचा

शेफील्डच्या वॉक्लीत एकही गल्ली सपाट नाही.
दुपारी दोनपर्यंत अकराशे बावन्न पायऱ्या.
एकदा मोजल्यात, पाऊस होता, दुसरं काही सुचत नव्हतं.
आणि प्रत्येक दाराला पत्राची फट वेगळ्या उंचीवर,
काही तर अशा जमिनीलगत
की बिलं मुंग्याच भरत असाव्यात.

पोटऱ्यांचे दगड झाले तेव्हा ग्लेनिस म्हणाली,
फोमचा रोलर घे. तीस वर्षं टपाल टाकतेय मी,
दोन नवरे झाले, रोलर तोच आहे.

शनिवारी मूरवरच्या दुकानात
भिंतभर उभे होते ते.
काळे, जांभळे, एक पोपटी,
एकाला मक्याच्या कणसासारखे दाणे,
एक पोकळ, एक आतून भरीव,
एकात मोटर. तो थरथरतो.
किंमत वाचून मीही.

किअरन नावाचा पोरगा
एकेकात अंगठा रुतवून दाखवू लागला.
हा मऊ, नवशिक्यांना बरा, पण लवकर बसतो.
हा कडक, धावणारे नेतात, रडवतो.
लांबच घ्या, पाठीखाली आडवा पुरायला हवा.
गुडघ्यावर नको. कमरेच्या मणक्यावर तर नकोच.
मग त्यानं विचारलं,
तुम्हाला दाब किती लागतो?

इंग्रजीत सांगता येण्यासारखं नव्हतं ते.

कऱ्हाडच्या छापखान्यात अण्णा उभ्यानं खिळे जुळवायचे.
लग्नपत्रिका, सर्कशीची हँडबिलं,
एका वर्षी अख्खी मतदारयादी.
संध्याकाळी येऊन सतरंजीवर पालथे पडायचे
आणि म्हणायचे, मंदे, पाय दे.
भिंतीला एक हात टेकून मी चढायची.
पोटरीवर पाऊल आडवं,
मांडीवर टाच,
गुडघ्यामागची लवण आली की उडी मारून पलीकडे.
जरा खाली. अजून. तिथंच. तिथंच थांब.
मग त्यांच्या पोटातून एक आवाज निघायचा,
दिवसभर दुसऱ्यांची अक्षरं उलटी वाचणाऱ्या माणसाचा
स्वतःचा असा तेवढाच.

सहाव्या वर्षी मी मऊ होते.
काहीच कळत नाही गं, दप्तर घेऊन चढ, म्हणायचे.
नवव्या वर्षी बेतशीर. हा त्यांचाच शब्द.
बाराव्या वर्षी एका संध्याकाळी
मी भिंतीला हात लावला
आणि ते सतरंजी गुंडाळत म्हणाले,
आता नको. जड झालीस.

महिनाभर मी रात्रीची अर्धी भाकरी कमी खाल्ली.
आई ताटाकडे बघायची, बोलायची नाही.
वजनाचं नव्हतं ते, हे कळेपर्यंत
छापखान्याला कुलूप लागलं होतं,
आणि अण्णा जाता-येता उंबऱ्याच्या कडेवर
पोटरी घासत उभे राहायचे,
कुणी बघत नाही असं समजून.
मी बघत होते.
आत जाऊन पाणी आणलं.
पाणी नको होतं त्यांना.

किअरन थांबला होता.
मी एकेकात अंगठा रुतवत गेले,
मऊ, कडक, पुन्हा मऊ,
आणि एका करड्या, काहीच नक्षी नसलेल्या नळकांड्याशी
अंगठा आपोआप थांबला.
नऊ वर्षं, मी मराठीत म्हटलं.
काय?
हा द्या.
मध्यम घनता, तो म्हणाला, बहुतेक लोक हाच नेतात.
बहुतेक लोक.
बावीस पौंड, पिशवीचे तीस पेन्स वेगळे.
पिशवी घेतली नाही.
ट्राममध्ये मांडीवर आडवा धरून आणला,
समोरचं बाळ त्याच्याकडे टक लावून बघत होतं.

रात्री गालिच्यावर बसून तो पोटरीखाली घेतला,
तळव्यांवर अंग उचललं. पुढे. मागे.
जरा खाली, मी म्हटलं.
त्याला ऐकू येत नाही, आपणच सरकायचं असतं.
अजून.
तिथंच.

माझ्या पोटातून आवाज निघाला.
खालच्या मजल्यावर मिसेस ऑर्मरॉडनी
टीव्ही बारीक केला.