कपाचे कान

नाव? भट्टी क्रमांक दोन.
प्रकार? यंत्र.
क्षमता? एका खेपेला अकराशे कप.
कॅलेंडर? सोमवार ते शुक्रवार, सहा ते दोन,
इतकं भरते तोच पाठीमागे बोहुमीर हसतो.
भट्टीला शुक्रवार कळतो होय?
गुरुवारी रात्री पेटवलेली
शनिवारी दुपारी दार उघडू देते.
त्याआधी घाई केलीत की तडा.
माझ्या लग्नात, तो सांगतो,
नाच अर्ध्यावर सोडून तापमान बघून आलो होतो.
मी खोडते. चोवीस तास, सातही वार.
लग्नासाठी रकाना नाही.

ओहर्जे नदीच्या वळणावरचा आमचा कारखाना.
मार्च सरत आला तरी पत्र्यावर बर्फ,
कँटीनमध्ये कोबीचं सूप,
आणि व्रातिस्लावसाहेबांचं फर्मान :
महिनाअखेर सगळं कंप्युटरात हवं.
सगळं म्हणजे काय, ते मीच ठरवायचं.

प्रेसचा साचा बदलायला किती वेळ?
माहितीपुस्तिका म्हणते पंधरा मिनिटं.
लुबोश म्हणतो चाळीस,
आणि पाना जागेवर नसेल तर देवाला विचारा.
मी तीस लिहिते,
दोघांनाही खोटं पाडणारा आकडा.

मग झ्दिस्लावा.
ती कपांना कान लावते.
घड्याळ घेऊन मी तिच्या शेजारी उभी.
ती कप उचलते, गालाला टेकवते,
काही बाजूला ठेवून देते : हा अजून ओला.
कप सुका आणि कान ओला असला
तर भट्टीत दोघांचं जमत नाही, ती म्हणते,
तुमच्या यंत्राला हे सांगून ठेवा.
मातीच्या खळीचं एक बोट, हलका दाब,
कडेने ओल्या ब्रशचा एक फेरा.
तासाला नव्वद.
जेवणानंतर ऐंशी.
मी पंच्याऐंशी भरते.

पर्यायी रिसोर्स?
हा रकाना रिकामा चालत नाही, लाल चांदणी येते.
तिच्या रांगेत सहा स्टुलं आहेत,
पाचांवर पुठ्ठ्याची खोकी.
ती खोक्यांकडे बघते, माझ्याकडे बघते :
लिहा माझंच नाव पुन्हा.
मी लिहिते, झ्दिस्लावा-दोन.
सॉफ्टवेअर मुकाट्याने मान्य करतं.

एका हॉटेलची बारा हजार कपांची ऑर्डर घालून
संध्याकाळी योजना चालवली.
प्रेस हिरवा. झिलईची टाकी हिरवी.
भट्ट्या दोन्ही हिरव्या, अर्ध्या रिकाम्या.
एकाच ओळीत लाल पट्टा,
एप्रिल ओलांडून मेमध्ये घुसलेला.
साहेब खुर्ची ओढून बसले.
तिसऱ्या भट्टीसाठी कर्ज काढून झालं होतं.
बराच वेळ ते माऊस धरून होते, हलवला मात्र नाही.
शेवटी म्हणाले, म्हणजे अडलंय ते
एका स्टुलापाशी?

झ्दिस्लावाला कुणीतरी बोलावून आणलं.
हात ॲप्रनला पुसत ती पडद्याजवळ आली.
हा लाल म्हणजे मी?
तुम्हीच.
काय रंग आहे, ती म्हणाली.
चौदाशे अंशांवर असा लाल टिकत नाही.
माझे वडील जन्मभर शोधत होते.

दुसऱ्या दिवशी एका स्टुलावरचं खोकं खाली उतरलं.
पॅकिंगमधली इलोन्का तिथे बसली,
नखं कापून, धास्तावलेली.
झ्दिस्लावा-दोन पुसून मी नवं नाव घातलं.
कार्यक्षमता? वीस टक्के.
वीस भरताना मी चोरासारखी मागे वळून बघितलं.

तिच्या पहिल्या खेपेतला एक कप माझ्या टेबलावर आहे.
कान कपाला इतका बिलगून लागलाय
की कॉफी घेताना बोटाचं पेर भाजतं.
झ्दिस्लावाने तो फेकू दिला नाही,
नुसती म्हणाली, सुटला तर नाही ना.

आज शुक्रवार.
बोहुमीर भट्टीपाशी, उद्या दुपारपर्यंत.
मी इलोन्काची नोंद उघडते,
पेर चोखत चोखत
विसाचे बावीस करते.