साडेअकरा

बाकी जगात बारा वाजले म्हणजे वाट लागली.
आमच्या वेलदूरच्या पुळणीवर मात्र
मेच्या शेवटच्या रविवारी, होड्या वर ओढून झाल्या की,
बारा वाजावेत म्हणून माणसं नारळ बोलतात.

हे खूळ गफूर तांडेलांनी आणलं.
त्यांचं जहाज म्हणे ग्लासगोच्या गोदीत
सव्वा महिना दुरुस्तीला पडलेलं,
तेव्हा कुठल्याशा माळावर त्यांनी पाहिले
घागरे नेसलेले दांडगे बाप्ये
आख्खं झाड ओंजळीत उभं धरून पळताना.
घागरे? आमचे आजे खो खो हसले.
मग तुम्ही कमरेला गुंडाळता ती काय, गफूर म्हणाले,
आणि एक पोफळ मागितली.

नियम त्यांनी वाळूत बोटानं काढला.
किती लांब गेली ते कुणी मोजायचं नाही.
फेकणारा सहावर उभा.
शेंडा आपटून बुडखा वरून फिरला पाहिजे
आणि पलीकडे पडला पाहिजे, थेट बारावर.

उभं झाड तोडायचं नाही, हेही त्यांचंच.
वारा ज्याच्या वाडीत पाडेल, त्याची पोफळ.
यंदा माझी.
विहिरीकडची, बापानं लावलेली,
चढायला शिकताना जिनं माझ्या पोटऱ्या सोलल्या.
बारा हात कापून आणली,
आणि पंचही मीच.
पंचानं फेकणाऱ्याच्या मागं धावायचं,
मणक्यात खिळा बसवलेला असला तरी,
आणि वेळ सांगायची.

विलास रोहीलकरनं मिठी मारली, सोडून दिली.
धोपाव्याचा तो डंपरवाला तीन पावलं गेला,
मग पोफळच त्याला मागं घेऊन आली,
माणसं पांगली जाळ्यातून सुटल्यागत.
बर्फाच्या कारखान्यातला बाबल्या जांभारकर,
लाद्या वाहून एक खांदा उतरलेला,
दोनदा शेंडा रुतवून बसला.
बुडखा अर्ध्यातून वळायचा,
त्याच्याच पायाशी यायचा, ओळखीच्या कुत्र्यासारखा.

मग गफूरचाचांचा नातू करवत घेऊन आला.
कुणालाच पेलली नाही तर हातभर कापायची,
असा नियम होता म्हणे. कधी गरज पडली नव्हती.
सगळे माझ्याकडे बघत होते.
मी मान हलवली.
पडून आठ महिने झालेले,
तरी भुसा ओला निघाला.

अकरा हात.
बाबल्यानं तळवे लाटेत बुडवले, बोटांत बोटं अडकवली,
उचलली,
तिच्या सालीला गाल लावला,
ताप आहे का बघावं तसा.
धावला. मी मागं.
एकदम थांबला आणि
एवढ्या वर्षांत वाहिलेलं सगळं थंड
हातांतून वर सोडून दिलं.
शेंडा धप्प.
बुडखा चढत गेला,
चढत गेला,
आणि राहिला.
पोफळ उलटी उभी, मुळं होती ती बाजू आभाळात,
इतका वेळ, की मी तिची वळी मोजली असती.
मग पडली.
पलीकडे.

बारा! पुळण ओरडली. बारा!
मी वाकून डोळा लावला.
साडेअकरा.
"दे की रं अर्धा तास," बाबल्याची आई म्हणाली,
"तुझ्या बापाचं काय जातंय?"
बापाचंच तर होतं.
साडेअकरा, मी पुन्हा म्हणालो.
बाबल्या वाळूत बसून हसत होता,
दात वाजत होते त्याचे, मेच्या उन्हात.
कोंबडा त्यालाच दिला. दुसरं कोण होतं?

खेळून झालं की पोफळ व्हाळावर जाते,
पावसापुरता साकव.
यंदा हातभर कमी पडली.
कापलेला तुकडा आमच्या पडवीत आहे,
बायको त्यावर बसून कोलंबी सोलते,
तो काही ती देत नाही.
तेव्हा पाट्या घेतलेल्या बाया, शाळेची पोरं,
डबा सांभाळत बाबल्या,
आणि खिळ्यासकट मी,
अकरा हात जपून चालतो.
शेवटचा हात
ज्याची त्यानं उडी.