चीक

केळीचा चीक तुम्हाला माहीत नसेल.
घड कापताना तो पाण्यासारखा असतो,
हातावर पडला तर वाटतं, घामच आहे.
मग वाळतो, तपकिरी होतो,
आणि मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
माझ्या प्रत्येक शर्टावर त्याचा नकाशा आहे.
लग्नातला एक जपून ठेवला होता.
त्यावरही आहे.

एकवीस वर्षं मी अडावदच्या काट्यावर मापाडी.
घड, वजन, दांड्याची वजावट, ट्रकचा नंबर.
आणि पोळ्याच्या आदल्या आठवड्यात
जळगावला काचेमागे बूट दिसले,
तळव्यापासून नाडीपर्यंत पांढरे.
मी, शालिग्राम सोनवणे, वय एकावन्न,
किंमत न विचारता म्हणालो, आठ नंबर द्या.
किंमत नंतर विचारली.
घरी अजून सांगितलेली नाही.

"पायमा घालाना शेतस का देव्हारामा ठेवाना?"
बायकोने एवढंच विचारलं.

नळ चार दिवसांनी येतो,
म्हणून बुटांना एक तांब्या, जास्त नाही.
नाड्या काढून वाटीत भिजत घालायच्या, मठ घालतो तशा.
माती आधी कोरडीच झाडायची.
काळी माती ओली करून घासली
की विणीत शिरून संसार मांडते,
हे मला डाव्या बुटाने शिकवलं.
मग खायचा सोडा, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब,
रबराच्या कडेला टूथपेस्ट, पांढरीच,
हिरवी आपला रंग सोडून जाते.
उन्हात ठेवायचे नाहीत.
आत रद्दी कोंबायची, पण छापील नको.
एकदा बाजारभावाचं पान कोंबलं तर
आतल्या अस्तरावर केळीचा भाव उलटा उमटला.
वरून ओल्या बुटाला कोरा कागद चिकटवायचा.
कागद पिवळा पडतो, बूट पडत नाही.
कुणीतरी पडायलाच लागतं.

एवढं करून बूट परत खोक्यात.
सात महिन्यांत मी त्यांतून चाललो असेन
ओट्यापासून मोटारसायकलपर्यंत,
शिवाय दोन लग्नं,
त्यातल्या एकात जेवायला बसताना काढले
आणि जेवणभर लक्ष तिकडेच.

रेमसिंग पावरा आमच्याकडे घड वाहतो.
खांद्यावर पोतं, पायात टायरची चप्पल.
ट्रक भरून झाल्यावर म्हणाला,
मापाडी, तुमचा नंबर किती?
आठ.
माझापण आठ.
पुढचं तो बोलला नाही.
मीही बराच वेळ वजनं लिहीत राहिलो,
लिहून झालेलीच.
डोंगरात भोंगऱ्याचा बाजार भरणार होता,
हे सगळ्या काट्याला माहीत होतं.

चार दिवस खोकं रिकामं.
रात्री उठून मी ते एकदा उघडूनही पाहिलं,
का, ते विचारू नका.

पाचव्या दिवशी बूट आले, खताच्या पिशवीत.
धुतलेले.
कशाने धुतले, विचारलं तर हसला.
नाड्याही वेगळ्याच ओवलेल्या, फुलीफुलीच्या.
चष्मा लावून मी शिवण न् शिवण पाहिली.
डाग एक नव्हता.
फक्त बोटांच्या मागे, जिथे पाऊल वळतं,
तिथे दोन्ही बुटांना आडव्या घड्या,
खोल, तीन-तीन.
किती नाचला असेल हा माणूस.

ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली.
आतून दाबून रद्दी भरली, रात्रभर ठेवली.
घड्या गेल्या नाहीत.
सकाळी घालून पाहिले.
त्या माझ्या पावलाच्या जरा पुढेच वळतात,
दोन पावलं टाकली की पायाला
आणखी टाकावीशी वाटतात.

मोटारसायकल काढली नाही.
नाड्या तशाच फुलीच्या ठेवल्या.
काट्यापर्यंत पायी गेलो, बांधाबांधाने,
पाटाच्या कडेकडेने, दीड कोस.
रेमसिंगने पाहिलं आणि घड उचलला.

संध्याकाळी उजव्या बुटावर
पाण्यासारखा एक थेंब दिसला.
वाटलं, घामच आहे.