भिशीचं नाक

देगूच्या या रुग्णालयात, तळघरातल्या खोलीत
माझ्याकडे माणसं येत नाहीत,
बरण्या येतात.
आज दोन.

पहिलीत सच्छिद्र पट्टी, कुणा तरुणाच्या नाकातली.
भोकाभोकांतून मांस शिरलेलं,
कुंपणाच्या जाळीत भोपळ्याचा वेल शिरतो तसं.
काढताना दोघं एकमेकांना सोडेनात.
सर्जननं चिठ्ठीत लिहिलंय : तुकड्यातुकड्यांनी.

दुसरीत सिलिकॉन.
करंगळीएवढं, गुळगुळीत, एकसंध.
सव्वीस वर्षं शरीरानं त्याला आपलं म्हटलं नाही
आणि जा असंही म्हटलं नाही;
भोवती एक पातळ पिशवी विणली,
पाहुण्याला ओसरीवर बसवावं, पाणी द्यावं
आणि आतलं दार लोटून घ्यावं, तसं.
वरच्या अंगाला, कातडीजवळ, चुन्याची खरड.
नखाखाली कुरकुरते.

पिशवीचा काप घेतला, चार मायक्रॉन.
मेणाची फीत कोमट पाण्यावर सोडली.
निळा रंग, मग गुलाबी.
अहवालात लिहिलं : तंतुमय आवरण, सौम्य दाह, क्षार,
घातक काही नाही.

गुरुवारी बाई स्वतःच खाली आली.
मेंग ह्ये-सुक. सोमुन बाजारात रजयांचं दुकान.
नाकावर अजून पट्ट्या.
"तो तुकडा मला मिळेल का?"

मी नियम सांगितला. फॉर्मलिन, संसर्ग, सह्या.
तिनं तो गिऱ्हाईकाची घासाघीस ऐकावी तसा ऐकला.
म्हणाली, "त्या हिवाळ्यात आईचा भिशीचा नंबर लागला.
बाकीच्या बायकांनी फ्रीज घेतले.
आईनं मला नाक घेतलं.
मी परीक्षेत नापास झालेली.
ती म्हणाली, निदान चेहरा तरी पास होऊ दे."
हसली. पट्टी ताणली म्हणून थांबली.
"पुढं थंडीत शेंडा लाल व्हायचा, कातडी काचेसारखी.
आई विचारायची, दुखतंय का?
मी म्हणायचे, छे.
दोन वर्षं झाली तिला जाऊन. म्हणून आत्ता काढलं."

नाकापेक्षा मोती जड, असं काहीसं
माझ्या जिभेवर आलं होतं.
गिळलं.

तुकडा देता येत नव्हता.
मी स्टूल ओढलं, काच लावली.
"बघा."

गुलाबी तंतू, ओळीनं, एकाच दिशेला,
धावदोऱ्यासारखे. हा तिचा शब्द.
"कुणी शिवलं हे?"
"तुम्हीच."
"मग झोपेत शिवलं असेल."

चुन्याच्या कडेला त्या मोठ्या पेशी,
कितीएक मिळून एक झालेल्या, पोटात दहा-बारा केंद्रं,
जे गिळता येत नाही
त्याला तोंड लावून बसलेल्या.
"या रागावल्यात का?"
पुस्तकात राग नाही. प्रतिक्रिया असा शब्द आहे.
"कामात आहेत," मी म्हटलं.
"सव्वीस वर्षं?"
"हो."
"सुट्टी नाही?"

मी काच जरा सरकवली. कडेचं एक रिकामं अंतर दिसलं,
पांढरं, लांबट, स्वच्छ,
जिथं ते होतं.
तिथं ती बराच वेळ थांबली.
भिंगावर तिच्या श्वासाचं धुकं आलं, गेलं, आलं.

उठली आणि चष्मा घातला, तर तो घसरला.
नाकाची दांडी खाली गेलीय
हे चष्म्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.
ती बोटानं वर सारते, तो खाली येतो.
दारापर्यंत तीनदा.
मग हातातच धरला
आणि जिन्याची पायरी
पायानं चाचपत वर गेली.