नमुना

अंबडच्या प्रयोगशाळेत माझी दुसरी पाळी.
जानेवारी ते मार्च द्राक्षं येतात,
खरं तर बागा येतात, पिशवीत बसून, चिठ्ठी लावून.
एका बागेचे चार-पाच घड.
त्यांचा लगदा करायचा, यंत्राला पाजायचा, वाट बघायची.
एका औषधाचा आकडा रेषेवर गेला
की अख्खा प्लॉट नापास.
बागायतदाराचा फोन येतो: ताई, दोनच ओळींत फवारा जास्त पडला,
बाकी बाग लेकरासारखी आहे हो.
असेल.
मी म्हणते, सर, रिपोर्ट गेला.

हेच मी प्रणीलला ऐकवलं, जेवताना.
तो म्हणाला होता, सगळे पुरुष तसे नसतात,
तुम्ही मुली सरसकट बोलता.
मग मी घड काढले, लगदा काढला, रेषा काढली.
वाटलं, जिंकले.
आई वाढता वाढता थांबली.
प्रणील ताटातच बघत म्हणाला,
पण मी द्राक्ष नाहीये, तायडे.
माझ्यात काय आहे ते कुणी तपासलं?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.
मी म्हटलं, आमटी सरकव.

कंपनीची गाडी मला साडेअकराला सिडकोच्या बाजूला सोडते.
घर पलीकडे. मध्ये इंदिरानगरचा बोगदा,
वरून हायवे, ट्रकची थरथर भिंतीत उतरते.
शिरण्याआधी मी ओढणी सॅकमध्ये कोंबते,
किल्ली बोटांच्या बेचक्यात धरते,
वडाळ्यात शाहीनला लिहिते: बोगदा.
ती लिहिते: हं.
चौऱ्याहत्तर पावलं.
पोचले.
आता झोपू दे, बाई.

पाच वर्षांत त्या बोगद्यात मला काहीही झालेलं नाही.
हेही लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.
एकदा एकजण मागून येत होता. तो खोकला,
मुद्दाम, मोठ्यांदा,
मग फोनवर आईशी बोलायला लागला: हो गं, घेतलं दूध.
त्याच्या हातात दूध नव्हतं.
कानाशी फोन तरी होता का, कोण जाणे.
आज वाटतं, तो मलाच काहीतरी सांगत होता.
तेव्हा मी पळत सुटले होते.

जे झालं ते दुसरीकडे.
भर दुपारी, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर,
लग्नात, ओळखीच्या हातानं.
प्रणील तेव्हा दहा फुटांवर जिलेबी वाढत होता.
हे त्याला मी सांगितलेलं नाही.

परवा आईनं त्याला मला घ्यायला पाठवलं.
बोगद्याच्या तोंडाशी उभा,
हेल्मेट, मफलर, नुसते डोळे.
माझ्यापुढे एक बाई चालली होती, हातात डब्याची पिशवी.
त्याला बघून थबकली.
पिशवी पोटाशी घेतली, पलीकडच्या भिंतीला लागून
भरभर निघून गेली.
माझा भाऊ. झुरळ सुपलीत घेऊन गॅलरीत सोडणारा.
त्यानं ते पाहिलं.
त्यानं पाहिलेलं मी पाहिलं.

घरापर्यंत कुणी बोललं नाही.
जिन्यात तो म्हणाला, काय सांगायला हवं होतं मी त्यांना?
मी चप्पल काढत राहिले.
त्या अंधारात, तेवढ्या अंतरावरून,
कुठलं वाक्य पुरलं असतं?

काल पुन्हा आला. पारा आठावर.
या वेळी दिव्याखाली, भुर्जीच्या गाडीला लागून,
मफलर खिशात, हेल्मेट आरशाला अडकवलेलं,
कान लालबुंद.
भुर्जीवाला म्हणाला, काय नमुना आहे हा, ताई,
थंडीत डोकं उघडं ठेवून उभाय अर्धा तास.

मी मागे बसले. सवयीनं शाहीनला लिहिलं: पोचले.
खोडलं.
मग लिहिलं: निघाले. प्रणील आलाय घ्यायला.
तिचं उत्तर आलं तेव्हा आम्ही वळणावर होतो.
पोचलीस की सांग.