दार कोण उघडतं

मर्थरच्या कोर्टात नावं पुकारायचं काम केलं मी, बावीस वर्षं.
काळा झगा, हातात यादी,
आणि आमच्या या वेल्श खोऱ्यात आडनावं इतकी थोडी
की एकाला हाक मारली तर तिघं उठायचे.

तेव्हा मंगळवार टीव्हीच्या लायसनचा.
घरात टीव्ही आणि लायसन नाही, तर गुन्हा.
त्या सकाळी अकरा नावं, त्यातली नऊ बायकांची.
मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्म्यावरून विचारलं,
बायका इतका टीव्ही बघतात का हो?
कुणीतरी हसलं.
मीही हसलो.

लिनेट प्रॉसरनं हात वर केला, शाळेत करतात तसा.
म्हणाली, टीव्ही त्याचा. घर कौन्सिलचं.
सोफ्याचे अजून सात हप्ते आहेत.
माझं म्हणाल तर एवढंच,
की दार वाजलं तेव्हा ते मी उघडलं.
भरदुपारी घरात दुसरं कोण असतं?

हे कुठं लिहायचं कारकुनाला कळेना.
छापील कागदावर रकाना होता
फक्त आरोपीचा.

मी तिला ओळखत होतो.
नाव आधीही पुकारलं होतं, दुसऱ्या यादीतून,
शुक्रवारच्या.
हाच राखाडी कोट. जबडा तारेनं बांधलेला,
त्यामुळे तिनं सगळं लिहून दिलं होतं,
बारीक, सरळ अक्षरात,
परीक्षेला बसल्यासारखं.
त्या रात्रीही दार तिनंच उघडलं होतं.
आधी त्याला.
मग अडीच तासांनी पोलिसांना.
पहिला प्रश्न, तू काय बोललीस त्याला?

तारीख पडली. पुन्हा पडली.
तिसऱ्या तारखेला मी रिकाम्या व्हरांड्यात
तीनदा ओरडलो, लिनेट प्रॉसर.
कॉफीचं यंत्र तेवढं घरघरलं.
फिर्यादी गैरहजर. प्रकरण निकालात.

तिचा थोरला, येस्टिन, चिप्सच्या दुकानाबाहेर
पोटात सुरा घेऊन पडला, एकोणीस वर्षांचा.
त्यालाही टाके घालता घालता तेच विचारलं,
तू काय केलं होतंस?
आईचा प्रश्न वारशात मिळाला त्याला.
दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतंच.

टेकडीवर दारं दिसत नाहीत, फाटकं दिसतात.
बटण, कॅमेरा, लांबच लांब खडीची वाट.
लायसनवाला तिथं चढत नाही, त्याला दम लागतो.
माझी बहीण तिथं इस्त्रीला जाते, डॉक्टर हॅवर्डकडे.
बाईंचाही जबडा मोडला होता त्याच हिवाळ्यात.
खाजगी हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलंय, जिना.
बहीण म्हणते, जिन्याला गालिचा आहे,
बोटभर जाड.
ते नाव माझ्या यादीत कधी आलं नाही.
त्यांच्याकडे दार उघडायला पगारी माणूस आहे,
आणि तरी बाईंना
बाहेर पडता आलेलं नाही.

लिनेटला दंड झाला. कोर्टाचा खर्च वेगळा.
आणि वर, नियमाप्रमाणे,
पीडितांसाठीचा अधिभार.
व्हरांड्यात तिनं पावती माझ्यापुढे धरली.
हा शेवटचा आकडा कुणाला जातो?
मी म्हटलं, पीडितांना.
ती हसली. हसताना तिच्या जबड्यात
कडी लागल्यासारखा खट् आवाज झाला.
म्हणाली, मग त्यांना सांगा,
दर आठवड्याला पाच पाच पौंडच जमतील.

त्या संध्याकाळी आमची बेल वाजली.
मी पेपरामागे, पाय शेगडीकडे.
सियान कणकेचे हात पुसत उठली.
मी पेपर खाली केला
आणि पाहिली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा,
दाराकडे जाणारी तिची पाठ,
साखळी काढण्याआधी क्षणभर थांबलेला हात.
बस, मी बघतो, असं म्हणायला
तोंड उघडलंही असेल मी.

पार्सल होतं.
माझ्या नावाचं.
सही तिनं केली.