आधी नकार

रात्री एक वाजून सात मिनिटांनी
कुणीतरी आलं एकशे एक होऊन.
मग एकशे दोन, एकशे तीन,
काळोखात कठडा चाचपत जिना चढावा तसं.
पासवर्ड: १२३४. पासवर्ड: इस्पितळाचं नाव.
सेकंदाला सहा, न दमता.

मी चोडणला, मच्छरदाणीत, मांडीवर लॅपटॉप.
सर्व्हर मांडवीपलीकडे, रायबंदरला,
इस्पितळाच्या जिन्याखाली, जिथं पूर्वी बादल्या असायच्या.

शिरला आत, तर उजाडेपर्यंत कुठल्या कुठल्या देशांत
आमच्या बिलावर बोलत बसेल.
शवागाराच्या फोनला तर पहिल्या दिवसापासून चार शून्यं.
तिथं कोण शिरायला बघतंय,
असं मीच म्हटलं होतं.

नियम दोन ओळींचा:
सगळ्यांना नकार.
आणि त्याखाली, आपल्यांना परवानगी.
पहिली ओळ लिहिली आणि बोट एंटरवर पडलं.

कर्सर थिजला.
मीही सगळ्यांतलीच.
आणि बाळंतिणींचा वॉर्ड, आणि रक्तपेढी, आणि गेट.

फेरीबोटीत एक स्कूटर, मी,
आणि दोन टोपल्यांना टेकून झोपलेली बाई.
फळी खाली आली तेव्हा कुणी कुणाला नाव विचारलं नाही.
मी आयपीचे आकडे पुटपुटत होते,
एकोणतीसचा पाढा म्हणावा तसे, अडखळत.

गेटवर मिंगेलबाब. स्वेटर, रेडिओ.
"बाय, कार्ड खंय?"
कार्ड चोडणला, खुंटीवरच्या पिशवीत.
"हांव वळखतां तुका. पूण कार्डाबगर ना."
ते पत्रक गेल्या मे महिन्यात मीच काढलेलं,
त्याच्या टेबलाच्या काचेखाली, माझ्या सहीचं.

वरती विचारून घेतो म्हणून त्यानं वॉर्डाला फोन लावला.
कानाशी धरून राहिला.
ठेवला. पुन्हा उचलला. माझ्याकडे पाहिलं.
"फोन मेलो," तो म्हणाला.
"मगीर तूंच ती."
आणि कडी काढली.

जिन्याखाली पंख्यांची गरम घरघर.
दुसरी ओळ लिहिली: आधी इस्पितळाचे मजले,
मग माझं घर, शेवटी.
चार शून्यं पुसली.
एंटर दाबण्याआधी सगळं मोठ्यानं वाचलं,
दोनदा.

मग गेटचा नंबर लावून पाहिला.
एक रिंग. दोन.
"कोण?" मिंगेलबाबनं विचारलं.